प्रतिपिंडाची शेपटी का कापतात?

ऑगस्ट 2021 मध्ये कोल्हापूरच्या ‘आयसेरा बायॉलॉजिकल’ या कंपनीचे नाव एकदम चर्चेत आले. सौम्य ते मध्यम कोविडच्या रुग्णांसाठी तिने घोड्यांच्या शरीरात कोरोनाविरोधी प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी, तयार करून घेतली होती. घोड्यांना विषाणूचा कोणता घटक टोचायचा हे ठरवायला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मदत झाली होती. रुग्ण 72 ते 90 तासांत निगेटिव्ह होईल, ही कंपनीची आशा होती. मानवी चाचण्या तेव्हा पहिल्याच टप्प्यात होत्या, त्यामुळे तिला निष्कर्ष म्हणता येत नाही.

घोड्याची पद्धत जुनीच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावरचे प्रतिविष भारतात असेच बनते. अडचण एवढीच की घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परके असते.

प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. वरचे दोन हात विष किंवा विषाणू पकडतात, तर खालची शेपटी रोगप्रतिकारक पेशींना चेतवते. चेतलेल्या पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने सोडतात. ताप आणि सूज येते ती त्यांच्यामुळे. विष पकडायला शेपटीची गरज नसते. म्हणून प्रतिविष बनवताना पेप्सिन या पाचक विकराने ती कापतात व जोडलेले दोन हात ठेवतात. पपईच्या चिकातले पपेन वापरले तर हातही सुटे होतात. रॉडनी पोर्टर यांनी 1959 मध्ये ते दाखवले आणि 1972 चे नोबेल पारितोषिक त्यांना एडेलमन यांच्यासोबत मिळाले. शेपटी गेल्याने धोका कमी होतो, संपत नाही; प्रतिविष देताना डॉक्टर अॅड्रेनालिन हाताशी ठेवतात ते त्यामुळेच.

आता असे तुकडे जिवाणूंकडूनही बनवून घेता येतात. संधिवातात टीएनएफ हे सायटोकाइन जास्त झालेले असते. ते अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबला शेपटी आहे, त्यामुळे टीएनएफ अंगावर बाळगणाऱ्या पेशीही त्याने मरतात, असे प्रयोगशाळेत दिसते. सर्टोलिझुमॅब म्हणजे एकच हात. तो टीएनएफला अडवतो, पण शेपटीअभावी पेशीला अशा रीतीने मारत नाही. नुसता हात शरीरातून लवकर निघून जातो, म्हणून त्याला पीईजी या रसायनाची लांब साखळी जोडतात. आणखी एक फायदा गरोदर स्त्रियांना होतो. नाळेतून प्रतिपिंड बाळाकडे जाते ते शेपटीच्या आधाराने. हे औषध त्यामुळे बाळापर्यंत फारच कमी पोहोचते.

सायटोकाइन सोडणारी पेशी ओळखायची असेल तर मात्र वेगळीच युक्ती लागते, कारण प्रथिन बाहेर पडले की ते कोणत्या पेशीचे हे कळत नाही. तेव्हा दोन निरनिराळी प्रतिपिंडे एकमेकांना जोडतात. एक पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते, दुसरे बाहेर पडणारे सायटोकाइन तिथल्या तिथे धरून ठेवते. मग रंगीत प्रतिपिंड टाकले की ती पेशी चमकते आणि जिवंतच वेगळी काढता येते.