स्टेप थेरपी
स्टेप थेरपी किंवा टप्पेवार उपचारांची अट ही अमेरिकेतील आरोग्य विमा कंपन्यांची एक प्रथा आहे. तिच्यानुसार रुग्णाने आधी स्वस्त औषध घ्यावे लागते. ते निष्प्रभ ठरल्यावरच महागड्या औषधाचा खर्च मंजूर होतो. टीकाकार तिला ‘आधी अपयश’ असे म्हणतात.

सोरायसिस व ॲटॉपिक डर्मटायटिस या दीर्घकालीन त्वचाविकारांत ही अट वारंवार आढळते. सोरायसिसच्या रुग्णाला अडालिमुमॅब किंवा सेक्युकिनुमॅब यांसारखे जैविक औषध मिळण्यापूर्वी बहुधा मलमे, प्रकाशोपचार वा मेथोट्रेक्सेट यांतून जावे लागते. मेथोट्रेक्सेट यकृतास अपायकारक ठरू शकते व सोरायसिससाठी ते गरोदरपणात वर्ज्य आहे. म्हणजे स्वस्त पायरी सर्वांना सुरक्षित असतेच असे नाही. पूर्वमंजुरीच्या अर्जात डॉक्टरांना बाधित त्वचेचे प्रमाण, आधीची औषधे, त्यांचा कालावधी आणि ती थांबविण्याचे कारण नोंदवावे लागते. नोंदी अपुऱ्या असल्यास औषध योग्य असूनही नकार येऊ शकतो. विमा बदलल्यास नवी कंपनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावयास लावू शकते.

२०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार नकाराविरुद्ध १८० दिवसांत कंपनीकडे अपील करता येते. तेही फेटाळले गेल्यास वैद्यकीय मुद्द्यांवर त्रयस्थ परीक्षण मागता येते व त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. अनेक राज्यांनी या अटीला अपवाद देणारे कायदे केले आहेत; मात्र जे मालक कर्मचाऱ्यांचा वैद्यकीय खर्च स्वतःच्या निधीतून देतात, त्यांच्या योजनांना ते सहसा लागू होत नाहीत.