सैनिकांची अपुरी झोप आणि वाहन चालविताना येणारी पेंग

अमेरिकी सैनिकांच्या कामाव्यतिरिक्तच्या वेळेतील अपघाती मृत्यूंचे प्रमुख कारण रस्त्यावरील खासगी वाहनांचे अपघात हे आहे. सुटीवर गावी जाताना किंवा रात्रीची ड्युटी संपवून घरी परतताना हे अपघात घडतात. अतिवेग व मद्यपान यांची चर्चा नेहमी होते. पेंग येत असताना गाडी चालविणे हे तिसरे कारण मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिले. मद्याचे प्रमाण श्वासावरून मोजता येते, तसे झोपेचे मोजता येत नाही. त्यामुळे पोलिसांच्या नोंदींत हे कारण क्वचितच उमटते. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाडीतील कॅमेऱ्यांच्या चित्रफिती तपासण्यात आल्या. सरकारी आकडेवारी अशा अपघातांचे प्रमाण एक ते दोन टक्के सांगत होती. चित्रफितींवरून ते साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असल्याचे दिसून आले.

झोपेचे वेळापत्रक मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातील पेशींचा एक लहानसा समूह सांभाळतो. हे जैविक घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठ्या चक्रात चालते व सूर्यप्रकाशाने रोज जुळवून घेतले जाते. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत माणसाची सावधता स्वाभाविकपणेच खालावते. वयाप्रमाणे हे घड्याळ सरकतही असते. विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरा चालते. या वयातील मुलांना रात्री उशिरापर्यंत झोप न येणे आणि सकाळी जाग न येणे, हा आळस नव्हे, हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

सैन्यात भरती होते ती नेमकी याच वयात, आणि लष्करी दिवस सुरू होतो तो पहाटे. मिसुरी राज्यातील फोर्ट लिओनार्ड वुड येथे नवशिक्या सैनिकांवर केलेला एक प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका गटाची झोपेची वेळ नेहमीप्रमाणे रात्री साडेआठ ते पहाटे साडेचार, तर दुसऱ्याची रात्री अकरा ते सकाळी सात अशी ठेवण्यात आली. दोहोंना अंथरुणात आठच तास मिळत होते. तरीही दुसऱ्या गटातील सैनिक रोज सुमारे अर्धा तास अधिक झोपले. साडेआठला दिवे मालवले, तरी विशीतला तरुण जागाच राहतो, असा याचा अर्थ.

रोज थोडी थोडी कमी पडणारी झोप साठत जाते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, किमान सात तास झोपेची शिफारस असतानाही सैनिक सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळत असल्याचे सांगतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. भारतातील कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते. चोवीस तासांच्या जागरणानंतर ही घसरण ०.१० टक्क्यांच्या बरोबरीची होते.

अमेरिकी भूदलाच्या अनेक तुकड्यांत बराकीवर चोवीस तासांची ड्युटी लावण्याचा प्रघात आहे. ती आटोपल्यावर दुसऱ्या दिवशीची रजा मिळते, आणि सैनिक गाडी घेऊन निघतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत चार सेकंद डोळा लागला, तर ती सुमारे ११० मीटर अंतर चालकाविना कापते. अशा डुलकीत ब्रेक दाबला जात नाही. म्हणूनच हे अपघात अधिक प्राणघातक ठरतात. न्यू जर्सी राज्याने २००३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार चोवीस तासांहून अधिक काळ न झोपता गाडी चालवून कोणाचा मृत्यू ओढवल्यास तो गुन्हा ठरतो. म्हणजे वरिष्ठांनी लावलेल्या जागरणाची जबाबदारी फाटकाबाहेर पडताच एकट्या सैनिकावर येऊ शकते. ही वाटणी न्याय्य वाटत नाही.

नौदलाला हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. १७ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर जपानजवळ 'फिट्झगेराल्ड' ही युद्धनौका मालवाहू जहाजावर आदळली व सात नौसैनिक मृत्युमुखी पडले. २१ ऑगस्ट रोजी पहाटे सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅककेन' या युद्धनौकेची तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन दहा जण दगावले. दुसऱ्या अपघाताच्या चौकशीत सुकाणूकक्षातील कर्मचाऱ्यांचा थकवा ठळकपणे नोंदविण्यात आला. पाच तास पहारा व दहा तास मोकळीक अशी पद्धत अनेक जहाजांवर रूढ होती. हे पंधरा तासांचे चक्र असल्याने झोपेची वेळ रोज बदलत असे. २०१७ मध्येच चोवीस तासांच्या चक्रावर आधारलेल्या पाळ्या लावण्याचे आदेश निघाले. मोकळे तास रोज एकाच वेळी मिळाले, तर झोप सुधारते, हे कॅलिफोर्नियातील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेने आधीच दाखवून दिले होते.

जागे राहण्यासाठी सैनिक बहुधा उत्तेजक पेयांचा आधार घेतात. अफगाणिस्तानात २०१० मध्ये केलेल्या पाहणीत जवळपास ४५ टक्के सैनिक रोज किमान एक 'एनर्जी ड्रिंक' घेत असल्याचे आढळले; तीन किंवा अधिक घेणाऱ्यांत चार तास वा त्याहून कमी झोपणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते. गाडीची काच खाली करणे किंवा रेडिओ मोठ्याने लावणे या उपायांचा परिणाम अल्पकाळच टिकतो, असे ब्रिटनमधील प्रयोगांत दिसले आहे. त्याच संशोधकांना कॉफी घेऊन लगेच पंधरा मिनिटे डोळे मिटणे अधिक उपयोगी वाटले, कारण कॉफीचा अंमल सुरू होण्यास साधारण अर्धा तास लागतो. अर्थात हा तात्पुरता उपाय आहे. रात्रभराच्या जागरणानंतर पुढचे तीनशे किलोमीटर त्यावर काढता येत नाहीत.

अमेरिकी भूदलाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरोग्य व तंदुरुस्तीविषयक नियमपुस्तिकेत झोपेला स्वतंत्र प्रकरण दिले असून, सैनिकांना दिवसा छोटी झोप घेण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली आहे. लांबच्या प्रवासापूर्वी मार्ग, अंतर व विश्रांतीचे थांबे यांची माहिती संगणकावर भरून वरिष्ठांची संमती घेण्याची पद्धतही तेथे आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री त्या सैनिकाची ड्युटी होती किंवा नाही, हे पाहणे त्या वरिष्ठाच्याच हाती असते.