फोटोशॉपची पागडी

मुंबईत ज्याने पागडीच्या खोलीत जन्म काढला, त्याला सॉफ्टवेअरचं लायसन्स समजावून सांगावं लागत नाही.

पागडी म्हणजे काय? तर एकदा घसघशीत रक्कम मोजायची, खोलीत शिरायचं आणि नाममात्र भाड्यावर तीन पिढ्या तिथे काढायच्या. कागदोपत्री खोली तुमची नसते. पण भिंतीचे पोपडे तुमचे, माळ्यावरचे ढेकूण तुमचे, गॅलरीतली तुळस तुमची. मालक तुम्हाला बाहेर काढू शकत नाही आणि तुम्ही मालकाकडून गळकं छत दुरुस्त करून घेऊ शकत नाही. असा हा बरोबरीचा सामना. याउलट अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स. तिथे नळाला पाणी असतं, लिफ्ट चालते, वॉचमन सलाम ठोकतो. फक्त दहावा महिना लागला की आपलंच सामान आपल्याकडे संशयाने पाहू लागतं.

फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरचा इतिहास म्हणजे पागडीकडून अकरा महिन्यांच्या कराराकडे झालेला प्रवास होय. हा इतिहास शाळेत शिकवत नाहीत. म्हणून दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यांत जमा-नावे करणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाने तो सांगायचं मनावर घेतलं आहे. इतिहासकाराला बखरी लागतात, बी. कॉम. झालेल्या माणसाला पावत्या पुरतात.

या घराण्याचे मूळ पुरुष थॉमस नोल. १९८७ साली हे गृहस्थ अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करत होते. पीएच.डी. करणारा माणूस प्रबंध सोडून बाकी सगळं मन लावून करतो, हा नियम तिकडेही लागू असावा. कारण आपल्या मॅकिंटॉश प्लसच्या पडद्यावर फक्त काळं आणि पांढरं दिसतं, मधल्या करड्या छटा दिसत नाहीत, ही खंत मनाला लावून घेऊन त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यांचे भाऊ जॉन नोल ‘स्टार वॉर्स’च्या चमत्कारांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत होते. त्यांच्या ध्यानात आलं, की हे नुसतं खेळणं नाही. मग दोघा भावांनी मिळून ते वाढवलं. (दोन भावांनी एकत्र धंदा केला आणि तो कोर्टात न जाता बाजारात गेला, ही या इतिहासातली पहिली अद्भुत घटना.) सुरुवातीचे सुमारे दोनशे नग बार्नीस्कॅन नावाच्या कंपनीने आपल्या स्कॅनरबरोबर दिले. म्हणजे ज्याच्यावर पुढे साम्राज्य उभं राहिलं, ते आधी चहाच्या पुड्याबरोबर मिळणाऱ्या चमच्यासारखं लोकांच्या घरी गेलं. नंतर ते ॲडोबी कंपनीने हाती घेतलं. ही कंपनी जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी १९८२ साली काढली होती आणि तिला वॉर्नॉक यांच्या घरामागच्या ओढ्याचं नाव दिलं होतं. फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप १.० बाजारात आलं.

इथून पागडीयुग सुरू होतं. या युगात सॉफ्टवेअर खोक्यातून येई. खोक्यावरचे पैसे एकदा मोजले, की आत बसलेल्याला उठवायला कोणी येत नसे. आतल्या बारीक टायपातल्या करारात स्पष्ट लिहिलेलं असे, की तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नाही, ते वापरायची परवानगी घेतली आहे. पण बारीक टाइप वाचायची सवय फक्त वकिलांना आणि बँकवाल्यांना असते. बाकी जगाने खोकं कपाटात ठेवलं आणि ते आपलंच आहे असं मानलं.

दीड-दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघे. १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले. एकावर एक काचा ठेवाव्यात तसे फोटोवर थर चढवता येऊ लागले, आणि चुकलेला थर खालच्या चित्राला धक्का न लावता काढता येऊ लागला. माणसाच्या आयुष्यात ही सोय अजून आलेली नाही.

सुज्ञ लोक प्रत्येक आवृत्ती घेत नसत. एक घ्यायची, दोन गाळायच्या आणि मग सवलतीत अपग्रेड करायचं, अशी जगभरच्या मध्यमवर्गाची पद्धत होती. कंपनी तीन पिढ्या मागच्या गिऱ्हाइकालाही सवलत देत असे. नोव्हेंबर २०११ मध्ये तिने जाहीर केलं, की यापुढे सवलत फक्त लगेच मागच्या आवृत्तीवाल्याला. फोटोशॉप शिकवणारे प्रसिद्ध लेखक स्कॉट केल्बी यांनी कंपनीला उघडं पत्र लिहिलं. मग कंपनीने जुन्या मंडळींना २०१२ अखेरपर्यंत मुदत दिली. हे चाळीच्या फाटकावर लागलेलं पहिलं नोटिसवजा पत्रक होतं. पण चाळकरी गणपतीच्या वर्गणीत गुंतलेले असतात; ते पत्रकाची होडी करून मुलाला देतात.

आता २०१३. या विषयाचं हे पानिपत. गंमत अशी, की त्या वर्षी एकापाठोपाठ तीन घटना घडल्या.

जानेवारीत कंपनीच्या सीएस२ या २००५ सालच्या आवृत्तीची हकिगत झाली. ही आवृत्ती सुरू करताना दूरच्या सर्व्हरची संमती लागे. तो सर्व्हर निवृत्त झाला. तेव्हा ज्यांनी ती घेतली होती त्यांची पंचाईत होऊ नये म्हणून कंपनीने संमती न लागणारी प्रत आणि तिचे नंबर इंटरनेटवर ठेवले. जगभर हाक गेली, “फोटोशॉप फुकट!” आणि झुंबड उडाली. कंपनीला खुलासा करावा लागला, की ही खिरापत नाही, ही सोय जुन्या गिऱ्हाइकांसाठीच आहे. पंगत मांडल्यावर “फक्त निमंत्रितांनी बसावं” असं सांगणाऱ्या यजमानाचं जे होतं तेच झालं. पण या गडबडीत एक बारीक गोष्ट दिसून गेली: कुलूप तुमच्या दाराला असलं आणि किल्ली परगावी असली, तर परगावच्या माणसाची निवृत्ती ही तुमची अडचण असते.

फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने, कंपनीच्या परवानगीने, फोटोशॉप १.०.१ चा मूळ कोड अभ्यासकांसाठी खुला केला. सुमारे १,२८,००० ओळी. आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, कारण ते शुभ नसतं. अमेरिकेत हे पाळत नसावेत.

कारण लगेच ६ मे रोजी लॉस एंजेलिसच्या वार्षिक मेळाव्यात कंपनीने जाहीर केलं, की २०१२ सालचं सीएस६ हे शेवटचं. यापुढे नवं फोटोशॉप विकत मिळणार नाही, वर्गणीने मिळेल. एका सॉफ्टवेअरला महिना १९.९९ डॉलर, सगळा संच ४९.९९ डॉलर. हजारो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख हैदराबादचे शंतनू नारायण. त्यांनी निर्णय बदलला नाही. २०१२ साली कंपनीचं उत्पन्न सुमारे ४४० कोटी डॉलर होतं, ते २०१३ मध्ये ४०५ कोटींच्या आसपास घसरलं. अर्जावर सह्या करणाऱ्यांना बरं वाटलं असेल. पण आमच्या बँकेत रिकरिंग डिपॉझिट नावाचा प्रकार असतो. थेंबाथेंबाचं पुढे काय होतं हे आम्ही रोज पाहतो. २०२४ साली तेच उत्पन्न २,१५० कोटी डॉलर झालं.

आता कारकुनाचा धर्म म्हणून हिशेब मांडतो. सीएस६ मधलं फोटोशॉप नवं घेतलं तर ६९९ डॉलर, अपग्रेड १९९ डॉलर. निषेध पाहून कंपनीने फोटोवाल्यांसाठी स्वस्त योजना काढली: फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून महिना ९.९९ डॉलर. ती सप्टेंबर २०१३ मध्ये जुन्या गिऱ्हाइकांना आणि २०१४ मध्ये सगळ्यांना खुली झाली. ६९९ ला ९.९९ ने भागलं तर ७० महिने, म्हणजे पावणेसहा वर्षांहून थोडं जास्त. आणि जो दर दीड वर्षाने अपग्रेड घेत होता, त्याचे १९९ च्या जागी १७९ डॉलर ८२ सेंट होतात. म्हणजे शिस्तीने अपग्रेड घेणाऱ्याचा फायदाच झाला. तोटा झाला तो एक घेऊन दोन गाळणाऱ्याचा. थोडक्यात, मध्यमवर्गाचा. इतिहास नेहमी इथेच येऊन थांबतो. (नव्या गिऱ्हाइकांसाठी ती ९.९९ ची योजनाही जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली.)

तरीही प्रश्न पैशांचा नाही. तो लाइटरूममध्ये नीट दिसतो. लाइटरूम मूळ फोटोला हात लावत नाही; उजेड इतका वाढवा, सावली इतकी उचला, अशी नुसती कृती वहीत लिहून ठेवतं. विकत मिळणारं शेवटचं लाइटरूम ६, एप्रिल २०१५ चं. ऑक्टोबर २०१७ मध्ये जुन्या लाइटरूमला ‘क्लासिक’ म्हणायचं ठरलं आणि त्याचं नाव एका नव्या सॉफ्टवेअरला दिलं गेलं. आपल्याकडेही माणूस क्लासिक झाला, की शाल-श्रीफळ देऊन त्याला खुर्चीवरून उठवतात. वर्गणी थांबली तरी या क्लासिकमध्ये आपले फोटो दिसतात, बाहेर काढूनही घेता येतात. बंद पडतो तो फोटो सुधारण्याचा कप्पा. म्हणजे माजघर उघडं, स्वयंपाकघराला कुलूप. कृतीची वही तुमच्या हातात, पण आचारी पगार मिळाल्याशिवाय चूल पेटवणार नाही.

म्हणून लोक नवं भाड्याने घेतात आणि जुनं जपून ठेवतात. याला कोणी चिकटपणा म्हणो. पण पागडीची खोलीही आता गळू लागली आहे हे सांगितलं नाही, तर इतिहास एकतर्फी होईल. सीएस६ ला नवे कॅमेरे ओळखायची शिकवणी २०१५ साली थांबली. नव्या कॅमेऱ्याचा रॉ फोटो समोर ठेवला, की ते लांबच्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहतं. कंपनीचाच डीएनजी कन्व्हर्टर हा फुकट दुभाषी मध्ये बसवला तर संभाषण होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलने कॅटालिना आणली आणि ३२ बिटांची सॉफ्टवेअरं चालवणं बंद केलं. सीएस६ चे काही भाग ३२ बिटांचे, त्यामुळे त्याचीही तिथे डाळ शिजेना. खोली तुमच्या नावावर, पण इमारतच पाडली.

नव्या फ्लॅटमध्ये तरी सगळं आलबेल आहे का? मे २०१४ मध्ये कंपनीची लॉगिनची व्यवस्था एक दिवसाहून अधिक बंद पडली आणि नेमकं तेव्हाच लॉगिन करावं लागलं ते दाराबाहेर उभे राहिले. मे २०१९ मध्ये वर्गणीदारांना पत्रं गेली, की जुन्या आवृत्त्या वापरायची परवानगी आता उरली नाही. आणि जून २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या सांगण्यावरून अमेरिकेच्या न्याय खात्याने खटला भरला: वार्षिक योजना मध्येच सोडणाऱ्याला दंड बसतो, तो गिऱ्हाइकापासून लपवला, असा आरोप. पूर्वी दाराला टाळं मालक लावी. आता बाहेर पडण्याचंही तिकीट निघालं की काय, असा प्रश्न कोर्टापुढे गेला.

आमच्या घरी दोन्ही आहेत. नवं महिन्याच्या हप्त्यावर, आणि जुन्या कॉम्प्युटरवर सीएस६. या म्हाताऱ्याला मी इंटरनेट लावत नाही. बाहेरचं वारं लागलं तर तो जायचा.

“अहो, एकाच कामाला दोन दोन कशाला?” असं बायकोने विचारलं होतं. मी स्वयंपाकघरातल्या मिक्सरकडे आणि ओट्याखालच्या पाट्या-वरवंट्याकडे नुसतं पाहिलं. पाटा तिच्या आजीचा आहे. विषय संपला.

याच जुन्या कॉम्प्युटरवर मी आई-बाबांच्या लग्नाचा फोटो दुरुस्त केला. काळा-पांढरा, एकच प्रत. बरोबर दोघांच्या मधून एक भेग गेलेली. एवढी फूट त्यांच्या संसारात प्रत्यक्ष कधी पडली नव्हती. बाबांच्या टोपीवर बुरशी, वरच्या कोपऱ्यात मोठा तपकिरी डाग. दोन पावसाळे रविवारी बसून काम केलं. भेगेला एक लेअर, बुरशीला एक, डागाला एक, मुंडावळ्यांना दोन. बाबा आता नाहीत, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. शेवटी प्रत काढून आईच्या हातात दिली.

आईने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “छान झालाय रे. पण तो कोपऱ्यातला डाग कुठे गेला?”

“काढला ना.”

“तो चाळीतला डाग. तुझ्या जन्माच्या वर्षी छत गळलं होतं, तेव्हा पडलेला. हे रात्रभर खुर्चीवर उभे राहून फोटोवर छत्री धरून होते. भिजले, पण फोटो वाचवला. तो असू दे.”

मी उठलो. म्हाताऱ्यावरचं फडकं काढलं, बटण दाबलं. त्याला जागं व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात आईची एक माळ ओढून होते. फाइल उघडली, सगळे लेअर जागच्या जागी होते. डागाच्या लेअरसमोरचा डोळा मिटला आणि डाग परत आला.

नवी प्रत आईने स्वतः भिंतीवर लावून घेतली. मालक कोण आणि भाडेकरू कोण, हे फोटोतल्या दोघांना कधीच माहीत नव्हतं. तीही खोली पागडीचीच होती.