हॉलंड पार्क (उद्यान)

हॉलंड पार्क हे लंडनच्या पश्चिम भागातील केन्सिंग्टन येथील सार्वजनिक उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५४ एकर (२२ हेक्टर) आहे. हॉलंड हाउस या सरदारी प्रासादाच्या आवाराचे १९५२ साली उद्यानात रूपांतर झाले. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या या प्रासादाचे अवशेष उद्यानाच्या मध्यभागी जतन केलेले आहेत.

== इतिहास ==

सर वॉल्टर कोप यांनी १६०५ च्या सुमारास हा प्रासाद बांधला. त्या वेळी भोवतालची जहागीर सुमारे ५०० एकरांची होती. कोप यांचे जावई हेन्री रिच यांना ‘अर्ल ऑफ हॉलंड’ ही पदवी मिळाल्यावर प्रासाद हॉलंड हाउस या नावाने ओळखला जाऊ लागला. यादवी युद्धात राजाचा पक्ष घेतल्याबद्दल रिच यांचा १६४९ मध्ये शिरच्छेद करण्यात आला.

अठराव्या शतकात ही मालमत्ता फॉक्स घराण्याकडे आली. तिसरे लॉर्ड हॉलंड व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांच्या काळात हॉलंड हाउस हे व्हिग पक्षाचे राजकारणी आणि साहित्यिक यांचे संमेलनस्थान बनले. बायरन, शेरिडन तसेच पुढे भारतातील इंग्रजी शिक्षणाच्या धोरणामुळे परिचित झालेले मेकॉले यांची तेथे ये-जा असे. लेडी हॉलंड यांनी १८०४ मध्ये स्पेनमधून डेलियाचे बियाणे पाठविले. इंग्लंडमध्ये डेलियाची यशस्वी लागवड त्यानंतर सुरू झाली.

== जमिनीची विक्री व विध्वंस ==

एकोणिसाव्या शतकात लंडनचा विस्तार होत असताना जहागिरीची बरीचशी जमीन घरबांधणीसाठी विकली गेली. प्रासादालगतचे आवार तेवढे मोकळे राहिले. सप्टेंबर १९४० मधील जर्मन हवाई हल्ल्यात आग लावणाऱ्या बॉम्बमुळे प्रासादाचा बहुतांश भाग जळाला. पूर्वेकडील भाग मात्र बचावला. छप्पर कोसळलेल्या ग्रंथालयात शांतपणे पुस्तके चाळणाऱ्या टोपीधारी गृहस्थांचे छायाचित्र त्या काळातील लंडनवासीयांच्या धैर्याचे प्रतीक म्हणून प्रसिद्ध आहे.

युद्धानंतर प्रासादाची पुनर्बांधणी झाली नाही. १९५२ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने अर्ल ऑफ इल्चेस्टर यांच्याकडून अवशेषांसह हे आवार विकत घेतले. त्यामुळे उरलेली जागा इमारतींखाली न जाता सर्वांसाठी खुली झाली.

== रचना ==

उद्यानाचा उत्तर भाग वनराईचा आहे. मध्यभागी प्रासादाचे अवशेष, जुने ऑरेंजरी सभागृह व आखीव बागा असून दक्षिणेस क्रीडांगणे आहेत. मोकळे फिरणारे मोर हे येथील एक वैशिष्ट्य आहे. १९९१ मध्ये जपानी पद्धतीची क्योटो बाग तयार झाली. तिच्यात तळे, धबधबा आणि दगडी दीप आहेत. २०११ च्या भूकंप व त्सुनामीच्या वेळी ब्रिटनने केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून तिच्याजवळ २०१२ मध्ये फुकुशिमा बाग करण्यात आली.

== सद्यस्थिती ==

उद्यानाची देखभाल केन्सिंग्टन आणि चेल्सी परगण्याची नगरपरिषद करते. उन्हाळ्यात प्रासादाच्या उरलेल्या दर्शनी भिंतीसमोर मंडप उभारून ऑपेराचे प्रयोग होतात. एकेकाळी निमंत्रितांपुरत्या मर्यादित असलेल्या या आवारात आज कोणासही विनामूल्य प्रवेश आहे.