नाव झाडाचं, आणि सांगणाऱ्याचं?

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. माझं अडखळणं तेवढं काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर कसारा लोकलनं कधी आसनगावला उतरलात, तर रानातून आलेल्या बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसतील. जुडीसोबत त्या छोटी हिरवी, आंबट फळं देतात. ती काकडं. "काकडं घ्या ताई, नाहीतर घसा धरंल." शेवळाला खाज असते आणि काकडाच्या आंबटपणानं ती मरते. ही जोडी सापडेपर्यंत किती पिढ्यांचे घसे सुजले असतील, विचार करा. पण ज्यांनी ती शोधली त्यांचं नाव कुठेच नाही.

याच विषयावर रेकॉर्डिंग करायला मी मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरी पाड्यावर गेले होते. झाडपाला देणाऱ्या एक आजी भेटल्या. कुड्याची साल हगवणीवर देतात, कुड्याच्या फुलांची भाजी करतात, हे सगळं त्या भरभरून सांगत होत्या. मग मी एका मुळीबद्दल विचारलं. आजी थांबल्या, माझ्या फोनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, हे तू लिवलंस, मंग ते कुणाचं झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधायला लागले आणि थेट 1563 सालात पोचले.

त्या वर्षी गोव्यात एक पुस्तक छापलं गेलं. लिहिणारा गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं हे पुस्तक चक्क संवादाच्या रूपात आहे: स्वतः ऑर्टा आणि रुआनो नावाचा एक काल्पनिक डॉक्टर गप्पा मारतात. थोडक्यात, त्या काळचा पॉडकास्टच म्हणा! पण त्या गप्पांत अधूनमधून एक तिसरी व्यक्ती येते. आंतोनिया, ऑर्टाच्या घरातली गुलाम मुलगी. "ती वनस्पती घेऊन ये," असं सांगितलं की ती आणून देते. कुठून आणते, कशी ओळखते, हे तिला कुणी विचारत नाही. चार वर्षांत पुस्तकाचा लॅटिन संक्षेप निघाला आणि ऑर्टा युरोपभर गाजला. (बिचाऱ्याचंही पुढे धड झालं नाही. तो मूळचा ज्यू कुटुंबातला, म्हणून मेल्यावर बारा वर्षांनी इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली.)

शंभरएक वर्षांनी केरळात मात्र वेगळं घडलं. डच अधिकारी व्हान रीड यानं 'होर्तुस मलाबारिकुस' हा 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला. पहिला खंड 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात इट्टी अच्युतन या एळव वैद्याचं निवेदन त्याच्याच लिपीत छापलंय, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांचं देवनागरी अक्षरांत. म्हणजे माहिती देणाऱ्याचं नाव छापणं साडेतीनशे वर्षांपूर्वीही जमत होतं. मनात असलं तर.

आता आपल्या ठाणे जिल्ह्यात या. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये इथल्या जंगलातल्या झाडांची यादी आहे, मराठी नावं आणि उपयोगांसकट. ही नावं साहेबांना कुणी सांगितली असतील? त्याच गॅझेटियरमध्ये कातकऱ्यांची माहिती वेगळ्या प्रकरणात, 'जमाती' म्हणून येते. झाडं एका पानावर, माणसं दुसऱ्या. आणि 'कातकरी' हे नावच मुळात कामाचं: खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात करणारे ते कातकरी. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातला खैर तोडणं गुन्हा ठरला. ज्या कामावरून समाजाला नाव मिळालं ते काम गेलं. मग कोळशाच्या भट्ट्या, वीटभट्ट्या आणि दरवर्षीचं स्थलांतर आलं. आजी बोलता बोलता थांबल्या त्यामागे हे सगळं आहे, असं मला वाटतं. नुसता 'अंधश्रद्धाळू संकोच' म्हणून ते सोडून देता येणार नाही.

आजचे कायदे तसे आजींच्या बाजूचे आहेत. 2002 चा जैवविविधता कायदा आला. त्यातून प्रत्येक गावात लोक जैवविविधता नोंदवही करायची ठरली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला. पण नोंदवह्या वर्षानुवर्षं रखडल्या. शेवटी हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत दिली आणि त्यानंतर राज्यांना महिना 10 लाख रुपये भरावे लागतील असं सांगितलं. मुदत डोक्यावर असताना एखाद्या पाड्यावर बसून म्हातारीचा विश्वास कमवायला वेळ कोण देणार?

त्यात 2023 ची दुरुस्ती. ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभ वाटून देण्याच्या अटीतून सूट मिळाली. गुळवेलीचंच बघा. ती आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे. पण शहापूरच्या रानात ती कुठल्या झाडावर चढते, केव्हा आणि कशी तोडायची म्हणजे पुन्हा फुटेल, हे ग्रंथ वाचणाऱ्याला नाही, कातकऱ्याला माहीत असतं. कोरोनाच्या काळात शहापूरच्या कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेतर्फे आणि वन धन योजनेच्या मदतीनं हीच गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना विकली. इथे पैसा निदान थेट पाड्यावर आला. मला हा मार्ग नोंदवहीपेक्षा जास्त पटतो, फक्त तो वेल आणि साल विकता येते तिथवरच जातो. आजींच्या डोक्यातल्या मुळीला भाव कसा लावणार?

महिन्याभरानं मी परत गेले. आजींना ऑर्टाची आणि आंतोनियाची गोष्ट सांगितली. त्यांनी आधी विचारलं, "त्या पोरीचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, कुणी लिहूनच ठेवलं नाही. मग बराच वेळ त्या मोहाच्या टोळंब्या फोडत बसल्या.

शेवटी ठरलं ते असं. रेकॉर्डिंगची फाईल पाड्यावरच्या त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये राहील. सुरुवातीला आजी स्वतःचं, आईचं आणि आईच्या आईचं नाव सांगतील. या भागात तुम्ही ऐकलेला आवाज त्यांचाच आहे, पण नावं त्यांनी पाड्यापुरती ठेवायला सांगितली. आणि मुळीबद्दलची चार मिनिटं मी त्यांच्यासमोर माझ्या फोनमधून डिलीट केली. "रिसायकल बिन का काय, त्यातनंबी काढ," नातू म्हणाला. तिथूनही काढली.