तंबूचा खुंटा कोणी ठोकला?

सफारी हा शब्द आपल्या ‘सफर’ शब्दाचा भाऊच आहे. दोघांचे मूळ अरबी; एक स्वाहिली भाषेत स्थिरावला, दुसरा फारशीतून आपल्या घरी आला. आज ताडोबाच्या वेशीवर तंबूंच्या छावण्या लागतात, त्यांनाही सफारीचेच नाव. दोन वर्षांपूर्वी तेथील कामगारांनी बोलावल्यामुळे अशा एका छावणीत रात्र काढण्याचा योग आम्हांस आला. पाहुण्यांच्या तंबूत मच्छरदाणीचे पलंग होते, नळाला गरम पाणी होते. आमची सोय स्वयंपाकघरामागच्या राहुटीत होती. संध्याकाळी दोर ताणता ताणता ब्रह्मपुरीकडचा एक गडी म्हणाला, “आमच्या आजाच्या वक्ती तंबू लागला का गावातले गडी रानात पळत.”

आम्ही शाळा सातवीत सोडली. इतिहास वाचला तो तेंदूपत्ता संकलन केंद्रावर, मजुरांच्या सोबतीने. म्हणून त्या वाक्याचा अर्थ आम्ही कागदपत्रांत शोधला.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली आला. पुढे हिवाळी दौऱ्याची रीत बसली. साहेब एका तंबूत निजलेला असताना दुसरा तंबू पुढच्या मुक्कामाकडे निघालेला असे. अशाच दौऱ्यांतून जमाबंदीची कामे झाली; मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा अहवाल १८६९ चा आहे. त्या साहेबांनी मेहनत केली नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण ओझे वाहायला, पाणी भरायला, लाकूडफाटा आणायला, शिकारीत हाका घालायला माणसे लागत, आणि ती गावातून धरून आणली जात. यालाच बेगार म्हणत. धानाची कापणी खोळंबली तरी तंबूचे काम आधी.

ही गोष्ट एका चांद्याची नव्हे. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत शिकारीस गेले, तेव्हा दोनशेंहून अधिक हमाल त्यांच्याबरोबर होते. तेथे एका हमालाचे ओझे साधारण साठ पौंड, म्हणजे सत्तावीस किलो, धरले जाई. पुस्तकावर नाव एकाचे, पाठीवर ओझे शेकडोंचे!

लोकांनी हे मुकाट्याने सोसले असेही नाही. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरात १९१० साली भूमकाल उठला; राखीव जंगलाइतकीच बेगारही त्याचे कारण होती. कुमाऊंत १९२१ च्या संक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत लोकांनी बेगारीच्या वह्या शरयू नदीत बुडवल्या. शेवटी १९५० साली राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने बेगारीस बंदी केली. त्या गड्याचा आजा पळत होता. नातवाला पळावे लागत नाही, तो पगार मागू शकतो. हे कोणाच्या दयेचे फळ नव्हे.

बंदूकही गेली. ताडोबात १९३५ सालीच शिकार थांबली, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, ही चांगलीच गोष्ट आहे. तंबू मात्र राहिला.

म्हणून प्रश्नही राहिला. पाहुणा वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगल तेच, वाघ तोच. वाघ जगावा असे आम्हांस मनापासून वाटते. पण त्याला जगवण्याचा भार पुन्हा त्याच पाठींवर एकट्याने पडू नये.

आमचे मागणे मोठे नाही. तंबूत निजणाऱ्याने सकाळी एवढेच विचारावे: हा खुंटा कोणी ठोकला, त्याची मजुरी काय, आणि काम संपल्यावर तो अंधारातून घरी कसा जातो? ज्या दिवशी ही तीन उत्तरे लाज न वाटता देता येतील, त्या दिवशी ही सफर खरी सुखाची होईल.