घासलेट सोडवतं, तेल चालवतं

इंदूरच्या मिलांच्या आठवणी निघाल्या की भोंगा येतो, पाळ्या येतात, अनंत चतुर्दशीच्या झांक्या तर येतातच. तेलवाल्याला मात्र कोणी आठवत नाही. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी... सगळीकडे सूतखात्यात चात्या मिनिटाला हजारो फेरे घेत. त्यांना लागायचं अगदी पातळ ‘स्पिंडल ऑइल’. जाड तेल पडलं की चाती जड चालते, तापते, वीजही जास्त खाते.

आमचे बाबा अशाच एका मिलमध्ये फिटर होते. अडकलेल्या नटाशी त्यांनी कधी झटापट केली नाही. घासलेटात थोडं मशीनचं तेल मिसळायचं, थेंब थेंब सोडायचं, हातोडीने हलकेच टकटक करायचं आणि रात्रभर राहू द्यायचं. दिव्याच्या वातीत तेल चढतं ना, तसं ते गंजाच्या बारीक फटींत शिरतं. सकाळी पाना आधी किंचित आवळायच्या बाजूला, मग सैल. घाई केली की बोल्टचं डोकं तुटून हातात!

अमेरिकेत १९५३ साली क्षेपणास्त्रं गंजू नयेत म्हणून डब्ल्यूडी-४० निघालं. आज तो निळा-पिवळा डबा घरोघरी दिसतो. पण त्यातलाही पातळ भाग उडून जातो, मागे वंगण थोडंच राहतं. रोज फिरणाऱ्या भागाला नंतर तेल हवंच.

१९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. तिथल्या कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं! बाकीच्या मिलाही आगेमागे थांबल्या. आमच्याकडे पगार थांबला तेव्हा माळ्यावरून आजीचं शिवणयंत्र खाली आलं. चाक हलेना. बाबांनी उघडून पाहिलं, तर गंज नव्हताच. कधीतरी कोणी गोडं तेल घातलेलं, ते सुकून लाखेसारखं चिकटलं होतं. चुलीपासून लांब, ओसरीवर बसून त्यांनी तीन दिवस ते घासलेटाने धुतलं, पुसून कोरडं केलं, आणि प्रत्येक छिद्रात मशीनच्या पांढऱ्या तेलाचा एकेक थेंब सोडला.

दुसऱ्या आठवड्यापासून शेजारणींचे ब्लाउज यायला लागले. बाबा सकाळी मशीनला तेल द्यायचे, चिंधीवर चार टाके मारून जास्तीचं तेल टिपायचे, आणि मग काम शोधायला सायकल काढायचे. आमच्या दोघा भावंडांच्या फिया त्या मशीनवर निघाल्या.

मिलमधली ती लांब चोचीची तेलाची कुप्पी कोणाकडे अजून असेल, तर फोटो टाका बरं का. आमची घर बदलताना गेली.